खताचं पाणी आणि झूप्लँक्टन: सातारा-सांगलीत राहून वर्षभराचा अभ्यास कसा करायचा

बी.एस्सी., एम.एस्सी. झूलॉजीची पोरं दरवर्षी हा विषय घेतात की किनाऱ्याजवळच्या उथळ पाण्यात पोषकद्रव्यं वाढली की झूप्लँक्टनचं (पाण्यात तरंगणाऱ्या बारीक प्राण्यांचं) ऋतूप्रमाणे काय होतं, आणि मग पहिला प्रश्न हाच की आम्ही कराडला नाहीतर मिरजेला, समुद्र आणायचा कुठनं. समुद्र एकदोनदा बघायला लागेलच, त्याबद्दल खाली लिहिलंय, पण उथळ पाण्यात खत उतरल्यावर जे होतं त्यातलं बरंचसं गावच्या तलावात आणि गच्चीवरच्या टबात डोळ्यांनी बघता येतं, आणि ते आधी बघितलेलं असेल तर कोकणात गेल्यावर नेमकं काय शोधायचं हे कळतं. मुख्य मुद्दा आत्ताच सांगतो, नुसती संख्या मोजू नका. कोण आहे, केवढं आहे आणि कुठल्या महिन्यात आहे, हे तिन्ही एकत्र बघितलं तरच खताचा परिणाम दिसतो.

आपलं पाणी जातं कुठं

हे आधी नकाशावर बघा, कारण बऱ्याच जणांचा इथंच घोळ होतो. आपल्याला समुद्र म्हटलं की कोकण आठवतं, पण महाबळेश्वरला उगम पावलेली कृष्णा वाई, कराड, सांगली करत साधारण १,४०० किलोमीटर पूर्वेला जाऊन बंगालच्या उपसागराला मिळते. म्हणजे वाळव्याच्या नाहीतर पलूसच्या उसाला टाकलेला युरिया वाहून गेला तर त्याची वाट पूर्वेकडची, आणि त्या वाटेवर अलमट्टी, नारायणपूर, श्रीशैलम, नागार्जुनसागर अशी मोठाली धरणं आहेत, तिथं गाळ बसतो, गाळाबरोबर फॉस्फरस आणि सिलिका अडकते, आणि समुद्रापर्यंत पोचणाऱ्या पाण्यातलं प्रमाणच बदलून जातं.

कोयनेचं मात्र उलटं आहे. पाटण तालुक्यातल्या शिवसागर जलाशयाचं पाणी बोगद्यांमधून पोफळीला उतरतं, वीज तयार होते, कोळकेवाडीतून पुढं वाशिष्ठीत जातं आणि चिपळूणवरून दाभोळच्या खाडीत. कृष्णा पाणीवाटप लवादाने पश्चिमेकडं वळवायला ठरवलेलं पाणी वर्षाला ६७.५ टीएमसी आहे. त्यामुळे सातारा जिल्ह्याचं पाणी अरबी समुद्रात जातंच जातं, फक्त ते आहे जंगलातलं पाणी, ऊसपट्टा त्याच्या खाली सुरू होतो. खत पूर्वेला आणि गोडं पाणी पश्चिमेला, असं आहे हे. प्रोजेक्टच्या दृष्टीनं याचा अर्थ असा की वाशिष्ठीला एप्रिल-मे मध्येसुद्धा वरून गोडं पाणी येत राहतं, जे कोकणातल्या इतर छोट्या नद्यांना येत नाही, म्हणून दाभोळ खाडीतला उन्हाळा शेजारच्या खाडीतल्या उन्हाळ्यासारखा धरून चालू नका.

खत वाढलं की काय होतं

नायट्रोजन-फॉस्फरस वाढला, शेवाळ वाढलं, शेवाळ खाणारे झूप्लँक्टन वाढले, मासे वाढले, सगळं छान, असं बरेच जण लिहून मोकळे होतात. सुरुवातीला तसं होतंही. पण थोडं पुढं गेलं की शेवाळाची जातच बदलते. गोड्या पाण्यात मायक्रोसिस्टिससारखं निळं-हिरवं शेवाळ येतं, ते गोळ्यागोळ्यानं राहतं, चिकट असतं, मोठ्या डॅफ्नियाच्या (पाणी गाळून खाणारा बारीक कवचधारी जीव) गाळणीत अडकतं, त्यात वाढीला लागणारी फॅटी ॲसिड कमी असतात आणि काही प्रकार विषारी असतात. म्हणजे हिरव्यागार पाण्यात राहूनसुद्धा डॅफ्निया उपाशी. अशा वेळी तगतात ते बारके, बॅक्टेरिया आणि सडलेल्या कचऱ्याचे कण खाणारे रोटिफर (तोंडापाशी चाकं फिरल्यासारखे दिसणारे सूक्ष्म जीव) आणि छोटे क्लॅडोसेरन (डॅफ्निया ज्या गटातला तो गट). एकूण आकडा मोठा दिसतो पण जीव चिमुकले झालेले असतात. त्याच्याही पुढं गेलं की रात्री ऑक्सिजन संपतो, पीएच चढलेला असेल तर अमोनिया विषारी होतो, आणि आकडा धाडकन खाली येतो. म्हणजे वर जाणारी सरळ रेघ नाही, चढ आणि उतार आहे, आणि आपलं पाणी त्यात कुठं आहे ते शोधायचंय.

कशाची कमतरता आहे हेही बघायला लागतं. समुद्रातल्या प्लवकांत कार्बन, नायट्रोजन, फॉस्फरस ठराविक प्रमाणात असतात हे आल्फ्रेड रेडफिल्ड यांनी १९३४ मध्ये मांडलं, आणि पुढं तो आकडा १०६:१६:१ असा रूढ झाला. तलावांत बहुतेकदा फॉस्फरस कमी पडतो. कॅनडात १९७३ मध्ये डेव्हिड शिंडलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘लेक २२६’ नावाच्या तळ्यात मधोमध पडदा टाकला, एका बाजूला कार्बन आणि नायट्रोजन घातलं, दुसऱ्या बाजूला तेच अधिक फॉस्फरस, आणि फॉस्फरसची बाजू हिरवीगार झाली. त्याचा विमानातून काढलेला फोटो जरूर शोधून बघा. किनाऱ्याच्या पाण्यात मात्र साधारणपणे नायट्रोजन कमी पडतो, म्हणून तिथं वाहून आलेला युरिया-अमोनिया जास्त झोंबतो. आणि समुद्रात तिसरी गोष्ट सिलिका, डायटमना (काचेसारख्या कवचाच्या एकपेशीय शेवाळाला) कवच करायला ती लागते, खतात ती नसते, आणि वर लिहिलं तसं धरणात अडकते. नायट्रोजन वाढलं आणि सिलिका तेवढीच राहिली की डायटम मागं पडतात, डायनोफ्लॅजेलेट (धाग्यासारख्या शेपटीनं पोहणारे एकपेशीय जीव) पुढं येतात, आणि डायटमवर पोसलेल्या मोठ्या कोपेपॉडांचं (कोळंबीच्या दूरच्या नात्यातले बारके झूप्लँक्टन) जेवण बदलतं.

उथळ पाणी वेगळं का, तर तळ जवळ असतो. खोल तलावात तळाला बसलेला फॉस्फरस बराच काळ तिथंच राहतो, उथळ पाण्यात वाऱ्यानं नाहीतर म्हशी उतरल्यानं गाळ वर येतो आणि जुनं खत पुन्हा पाण्यात. गाळात झूप्लँक्टनची सुप्त अंडीसुद्धा असतात, क्लॅडोसेरनची जाड कवचातली, समुद्रात अकार्टियासारख्या कोपेपॉडांची. परिस्थिती जमली की तिथूनच नवी पिढी उठते. म्हणून वरून येणारं खत बंद झालं तरी उथळ तलाव लगेच सुधारत नाही, हे निष्कर्ष लिहिताना लक्षात ठेवा.

जागा कशी निवडायची

दोन तलाव घ्या, कमीत कमी. एक असा ज्याच्या वरच्या अंगाला ऊस, द्राक्षं नाहीतर गावाचं सांडपाणी आहे, आणि दुसरा असा ज्याच्या वर माळ नाहीतर डोंगर आहे. खोली साधारण सारखी पाहिजे, दोन-तीन मीटरच्या आत. एकच तलाव घेतला तर जो बदल दिसेल तो खतामुळे का ऋतूमुळे हे वर्षभर मोजूनसुद्धा सांगता येणार नाही. कासचा तलाव स्वच्छ पाण्याचं उदाहरण म्हणून सगळ्यांना सुचतो, पण सातारा शहर ते पाणी पितं, तिथं परवानगीशिवाय बादलीसुद्धा बुडवू नका. कोयनेच्या बॅकवॉटरला अभयारण्याचे नियम आहेत. मायणीसारख्या पक्ष्यांच्या ठिकाणी वनखात्याला विचारून, पक्ष्यांना त्रास होणार नाही असं काम करायचं. त्यापेक्षा गावातला पाझर तलाव बरा, ग्रामपंचायतीला एक अर्ज दिला की झालं.

कृष्णेत मात्र उतरून सॅम्पल घेऊ नका. सांगली, औदुंबर, भिलवडी या पट्ट्यात मगरी आहेत हे इथल्या लोकांना सांगायला नको, तरी उत्साहात पोरं गुडघाभर पाण्यात जातात. घाटावरून दोरीला बादली बांधून टाका, एवढं पुरतं.

जागा ठरली की तिथल्या शेतकऱ्यांशी बोला, हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं आणि प्रोजेक्टमध्ये सगळ्यात कमी केलं जातं. आडसाली लावण जुलै-ऑगस्टला, पूर्वहंगामी ऑक्टोबर-नोव्हेंबरला, सुरू जानेवारी-फेब्रुवारीला, आणि प्रत्येकाचे खताचे हप्ते आणि मोठी बांधणी वेगळ्या महिन्यात. आडसाली उसाची शिफारस हेक्टरी ४०० किलो नत्राची आहे, आणि ४५ किलोच्या युरियाच्या पोत्यात ४६ टक्के म्हणजे पावणेएकवीस किलो नत्र बसतं, तर कुठल्या महिन्यात किती पोती पडली हे विचारून लिहून ठेवलं की तुमच्या आलेखाखाली खरा आधार येतो. तासगाव, कवठेमहांकाळकडं द्राक्षबागा असतील तर ऑक्टोबर छाटणीनंतर ड्रिपमधून खतं आणि वरून फवारण्या सुरू होतात, आणि फवारणीच्या बोर्डो मिश्रणातलं तांबं क्लॅडोसेरनना मारक आहे, म्हणजे तिथं घट दिसली तर ती खताची का औषधाची हा प्रश्न सोडवायला लागेल. आणखी एक, टेंभू, ताकारी, म्हैसाळ या उपसा सिंचन योजनांचं पाणी तलावात सोडलं की भर उन्हाळ्यात तलाव भरतो, ती तारीख नोंदवलीच पाहिजे, कारण तुमच्या झूप्लँक्टनच्या दृष्टीनं तो दुसरा पावसाळाच.

नेट घरी कसं करायचं

तयार प्लँक्टन नेट महाग पडतं. लग्नपत्रिका छापणाऱ्यांकडं स्क्रीन प्रिंटिंगचं नायलॉन नाहीतर पॉलिस्टर कापड मिळतं, त्यावर नंबर असतो, सेंटिमीटरला किती धागे तो. ७७ नंबरचं घेतलं तर भोक साधारण ७५ ते ८० मायक्रॉनचं येतं, गोड्या पाण्यातल्या बहुतेक रोटिफरना ते चालतं, अगदी बारके थोडे निसटतात. संशोधनात गोड्या पाण्यासाठी ६४ मायक्रॉनच्या आसपास वापरतात. ४३ नंबरचं कापड साधारण दीडशे मायक्रॉन, त्यातून रोटिफर सरळ निघून जातात, आणि गंमत म्हणजे खताचा परिणाम जिथं सगळ्यात आधी दिसतो ते हेच बारके जीव, त्यामुळे कापड चुकलं तर सगळा अभ्यासच चुकतो. कापडाचा नंबर रिपोर्टमध्ये लिहायचाच.

जाड तारेची पंचवीस-तीस सेंटिमीटर व्यासाची रिंग करून घ्या, तोंडाला कॅनव्हासची पट्टी, खाली कापडाचा निमुळता शंकू, लांबी तोंडाच्या तिप्पट तरी. शिवण टेलरकडून दुहेरी मारून घ्या, बारीक सुईनं, नाहीतर शिवणीच्या भोकातूनच माल जातो. टोकाला छोटी प्लास्टिकची बाटली पाण्याच्या मोटारीच्या दुकानात मिळणाऱ्या होज क्लिपनं आवळायची. पहिल्यांदा वापरायच्या आधी नुसत्या पाण्यात रात्रभर भिजत ठेवा, साबण लावू नका, नंतरही कधीच नाही.

सॅम्पल

उथळ तलावात नेट ओढत बसलात तर तळाचा गाळच भरेल. त्यापेक्षा दहा लिटरची बादली घ्या आणि तलावाच्या पाच वेगवेगळ्या ठिकाणांहून पाच बादल्या, म्हणजे पन्नास लिटर पाणी नेटमधून हळूहळू ओता. मग नेट बाहेरून पाणी मारून धुवा म्हणजे भिंतीला चिकटलेले खाली येतात. बाटलीत जे उरलं ते मोजपात्रात घेऊन १०० मिली करा. पाणवनस्पतीच्या कडेचं आणि मोकळ्या पाण्याचं सॅम्पल एकत्र करू नका, दोन वेगळी जगं आहेत ती.

वेळ एकच ठेवा, सकाळी सात ते आठ समजा. बरेच झूप्लँक्टन रात्री वर येतात आणि दिवसा खाली जातात, त्यामुळे एकदा सकाळी आणि एकदा दुपारी घेतलं तर ऋतूचा फरक समजून तुम्ही वेळेचा फरक मोजाल. त्याच वेळी पाण्याचं तापमान, पीएच, आणि सेकी डिस्कनं पारदर्शकता बघा. वीस सेंटिमीटरची स्टीलची ताटली घ्या, चार भाग काळे-पांढरे रंगवा, मधून दोरी, दिसेनाशी होते ती खोली लिहा. १८६५ मध्ये आंजेलो सेकी यांनी भूमध्य समुद्रात वापरलेली पद्धत आहे, अजून जगभर चालते. ऑक्सिजन शक्य असेल तर एकदा दुपारी आणि एकदा पहाटे उजाडायच्या आधी मोजा. खत जास्त झालेल्या तलावात दुपारी ऑक्सिजन भरपूर असतो, फसवतो अगदी, खरी परीक्षा पहाटेची. नायट्रेट-फॉस्फेटसाठी मत्स्यालयाच्या दुकानातले किट ढोबळ अंदाज देतात, पण फॉस्फेटचे बारीक आकडे पाहिजेत तर कॉलेजच्या लॅबमध्ये स्पेक्ट्रोफोटोमीटरवर करा, आणि बाटली बर्फात घालून त्याच दिवशी पोचवा.

किती दिवसांनी? महिन्यातून एकदा हे सगळ्या प्रोजेक्टमध्ये असतं आणि ते कमी पडतं. उष्ण पाण्यात ब्रॅकिओनस हा रोटिफर एक-दोन दिवसांत अंडी द्यायला लागतो, मॉइना ही क्लॅडोसेरन चार-पाच दिवसांत वयात येते, कोपेपॉडांना मात्र वाढीच्या सहा नॉप्लियस (अळी) आणि त्यापुढच्या सहा कोपेपोडाइट अवस्था पार करायला काही आठवडे लागतात. महिन्यातून एकदा गेलात तर रोटिफरची एक अख्खी लाट येऊन गेलेली कळणारही नाही. पंधरा दिवसांनी जा, आणि जून-जुलै आणि सप्टेंबर-ऑक्टोबर या दोन काळांत आठवड्याला.

सॅम्पलचे दोन भाग करा. एक जिवंत, त्याच दिवशी बघायचा, कारण चालीवरून ओळख पटकन होते. दुसरा टिकवायचा, ७० टक्के अल्कोहोलमध्ये नाहीतर कॉलेजच्या लॅबमध्ये चार टक्के फॉर्मलिनमध्ये. फॉर्मलिन घरी आणू नका, डोळ्याला आणि श्वासाला वाईट. फॉर्मलिनमध्ये साखर घातली की क्लॅडोसेरन फुगत नाहीत आणि अंडी बाहेर पडत नाहीत.

सूक्ष्मदर्शकाखाली

मोजायला सेजविक-राफ्टर सेल (मोजणीची खोलगट काच) वापरा, त्यात बरोबर १ मिली बसतं. पिपेटचं टोक रुंद पाहिजे, अरुंद टोकातून मोठे क्लॅडोसेरन आत येतच नाहीत. बाटली गोल फिरवू नका, वरखाली हलक्या हातानं हलवा. तीन वेळा १ मिली काढून सरासरी घ्या. समजा १ मिलीत सरासरी २४ मिळाले, पन्नास लिटरचं १०० मिली केलं होतं, तर २४ गुणिले १०० भागिले ५०, म्हणजे लिटरमागे ४८.

ओळखायला सुरुवातीला मोठे गट पुरे. थेंबात कोण टचकन उडी मारतंय, थांबतंय, परत उडी मारतंय, तो सायक्लॉप्स, मादी असेल तर शेपटीजवळ दोन्ही बाजूंना दोन अंड्यांच्या पिशव्या. लांबच लांब मिशा आडव्या पसरून संथ तरंगत जाणारा डायप्टोमस, त्याच्या मादीला पिशवी एकच. काचेसारखं अंग, पाठीत पिल्लं हलताना दिसतायत, ती मॉइना नाहीतर डॅफ्निया. आणि चौकोनी कवच, वर काट्यांची रांग, तोंडापाशी दोन चाकं फिरल्यासारखी दिसणारा ब्रॅकिओनस. हा ब्रॅकिओनस नीट बघा, त्याला खाणारा ॲस्प्लँक्ना नावाचा दुसरा रोटिफर त्याच पाण्यात असेल तर ब्रॅकिओनसच्या काही जातींची पुढची पिढी लांब काटे घेऊन जन्मते, शिकाऱ्याच्या नुसत्या वासावर. असलं काही एकदा दिसलं की मोजणीचा कंटाळा राहत नाही.

सायक्लॉप्सचं आपल्याकडं जुनं नातं आहे. पायऱ्यांच्या विहिरीत उतरून पाणी भरायचे तेव्हा नारू व्हायचा, तो याच सायक्लॉप्समधून पोटात जायचा, घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारा. फडक्यानं पाणी गाळायची मोहीम झाली, विहिरी सुधारल्या, आणि २००० साली भारत नारूमुक्त जाहीर झाला.

मोजणी झाली की तीन गोष्टी काढा. एक, एकूण संख्येत रोटिफर किती टक्के. ब्रॅकिओनस, केराटेला, फिलिनिया हे खत जास्त झालेल्या पाण्यातले नेहमीचे रोटिफर गडी आहेत, त्यांचा वाटा वाढत असेल तर खताकडं बोट दाखवता येतं. दोन, डायप्टोमससारखे कॅलेनॉइड विरुद्ध सायक्लॉप्स आणि क्लॅडोसेरन यांचं प्रमाण, स्वच्छ पाण्यात कॅलेनॉइडचा वाटा जास्त असतो. तीन, लांबी, मायक्रोमीटरनं पन्नासेक जीव मोजा. पण थांबा, लांबी कमी होण्याचं दुसरं कारण मासे. डास मारायला गप्पी सोडलेल्या तलावात मोठे डॅफ्निया उरतच नाहीत, मासे मोठ्यांनाच आधी टिपतात, त्यामुळे दोन्ही तलावांत मासे किती आणि कुठले हे विचारल्याशिवाय आकारावरून निष्कर्ष काढू नका.

वर्षाचा अंदाज

मार्च ते मे पाणी आटतं, खत तेवढंच आणि पाणी कमी, गाळातून फॉस्फरस सुटतो, रोटिफर आणि मॉइना भरपूर, आणि खत जास्त असेल तर निळं-हिरवं शेवाळ. जूनच्या पहिल्या पावसात शेतातलं सगळं ओढ्यानं खाली येतं, पण आकडा पडतो, कारण पाणी गढूळ, उजेड नाही, शेवाळ वाढत नाही आणि सांडव्यावरून निम्मं वाहून जातं. इथं बरेच जण फसतात, त्या महिन्यात पोषकद्रव्यं जास्त आणि झूप्लँक्टन कमी दिसले म्हणून संबंधच नाही असं लिहितात. संबंध उशिरा दिसतो. सप्टेंबर-ऑक्टोबरला गाळ बसला, ऊन पडलं की शेवाळ उसळतं, मागोमाग रोटिफर, मग क्लॅडोसेरन, सगळ्यात शेवटी कोपेपॉड. म्हणून आलेख काढताना पोषकद्रव्यांची रेघ आणि झूप्लँक्टनची रेघ एकमेकांवर ठेवून दोन, चार, सहा, आठ, दहा, बारा आठवडे सरकवून बघा, कुठं जुळतात. डिसेंबर-जानेवारीत पाणी थंड आणि निवळ, मोठे डॅफ्निया दिसले तर बऱ्याचदा याच काळात. खताच्या तलावात ते हिवाळ्यातही दिसले नाहीत आणि माळावरच्या तलावात दिसले, तर तो फरक एकूण आकड्यापेक्षा जास्त बोलका आहे.

गच्चीवरचा प्रयोग

तलावात दहा गोष्टी एकदम बदलतात, टबात एकच बदलता येते, म्हणून हा भाग सोडू नका. शंभर लिटरचे आठ टब, सगळ्यांत स्वच्छ तलावाचं पाणी आणि मूठभर त्याच तलावाचा गाळ. दोन टब तसेच, दोनांत नायट्रोजन, दोनांत फॉस्फरस, दोनांत दोन्ही. चिठ्ठ्या टाकून कुठला टब कशाचा ते ठरवा, नाहीतर सावलीतले सगळे एकाच प्रकारचे होतील.

नायट्रोजनसाठी २१.७ ग्रॅम युरिया एक लिटर पाण्यात विरघळवा, त्यातलं १० मिली टबात घातलं की लिटरला १ मिलिग्रॅम नायट्रोजन वाढतं. फॉस्फरससाठी द्राक्षवाल्यांकडं असतं ते शून्य बावन्न चौतीस (०:५२:३४) खत, त्यात नायट्रोजन अजिबात नाही म्हणून हेच घ्यायचं, डीएपी नाही. ६.२ ग्रॅम एक लिटरमध्ये, त्यातलं १० मिली, म्हणजे टबात लिटरला ०.१४ मिलिग्रॅम फॉस्फरस, रेडफिल्डच्या १६ ला १ या हिशोबात बरोबर बसतं. आठवड्याला एकदा, सहा-आठ आठवडे. टबातून पाच लिटर गाळून बघायचं आणि गाळलेलं पाणी परत टबात. टबांवर मच्छरदाणीचं कापड घट्ट बांधाच, नाहीतर डेंग्यूच्या डासांची पैदास होईल आणि अळ्या तुमचं शेवाळ पण खातील. काम संपलं की पाणी झाडांना घाला, ओढ्यात सोडू नका.

कोकणात जाल तेव्हा

कराडवरून कुंभार्ली घाटानं चिपळूण, सांगलीवरून आंबा घाटानं रत्नागिरी. खाडीत तीन ठिकाणं घ्या, तोंडाशी, मध्ये आणि वर, आणि प्रत्येक ठिकाणी क्षारता मोजा, हातातला रिफ्रॅक्टोमीटर पुरतो. समुद्राचं साधारण हजारात ३५, पावसाळ्यात खाडीच्या वरच्या अंगाला शून्याजवळ. खाडीत ऋतूचा पहिला धनी क्षारता आहे, खताचा नंबर नंतर, म्हणून सारख्या क्षारतेची सॅम्पलंच एकमेकांशी ताडायची. भरतीचं वेळापत्रक बघून दर वेळी भरतीच्या त्याच टप्प्यावर घ्या. समुद्रात नेट २०० मायक्रॉनचं चालतं, होडीच्या मागं हळू ओढायचं. तीस सेंटिमीटर तोंडाचं नेट शंभर मीटर ओढलं की साधारण सात घनमीटर पाणी गाळलं जातं. बारक्या ऑइथोना कोपेपॉडसाठी मात्र तुमचं ८० मायक्रॉनचं नेटसुद्धा ओढा, कारण पोषकद्रव्यं वाढलेल्या किनाऱ्यावर मोठे कॅलेनॉइड मागं पडून बारके कोपेपॉड पुढं येतात, आणि २०० च्या नेटमधून ते निसटतात.

तिथं तलावात न दिसणारी मंडळी भेटतील, खेकड्याच्या आणि कोळंबीच्या अळ्या, बार्नॅकलचे नॉप्लियस, माशांची अंडी, बाणासारखे कीटोग्नाथ. हिवाळ्यात लाटा निळ्या चमकतात ते बहुतेकदा नॉक्टिल्युका (चमकणारा एकपेशीय जीव), ती डायटम खाते, कोपेपॉडांची अंडीसुद्धा खाते, आणि फार वाढली की खालची साखळी बदलते. पश्चिम किनाऱ्यावर पावसाळ्यात खोल समुद्रातलं कमी ऑक्सिजनचं पाणी वर सरकतं, ते नैसर्गिक आहे, पण गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या संशोधकांनी २००० साली मांडलं की ही ऑक्सिजनची कमतरता तीव्र होतेय आणि जमिनीवरून येणारं नायट्रोजन त्याला हातभार लावत असावं. म्हणून ऑगस्ट-सप्टेंबरात किनाऱ्याला झूप्लँक्टन कमी दिसले तर लगेच खाडीतल्या सांडपाण्यावर ढकलू नका.

लिहिताना

दोन तलावांत फरक दिसला, टबात खत घातल्यावर तोच फरक त्याच क्रमानं दिसला, आणि शेतकऱ्यांनी सांगितलेल्या खताच्या महिन्यांशी तो काही आठवड्यांच्या अंतरानं जुळला, तर ‘खतामुळे’ असा शब्द वापरा. यातलं एखादं नसेल तर ‘खत जास्त येणाऱ्या तलावात असं दिसलं’ एवढंच लिहा, आणि शेजारच्या रकान्यात पाण्याच्या आवर्तनाच्या, फवारणीच्या आणि मासे सोडल्याच्या तारखा द्या, म्हणजे पुढच्या वर्षी तोच तलाव घेणाऱ्याला तिथूनच पुढं जाता येईल.